दोन फाइलींचं एकच नाव

पांढुर्णा जिल्हा झाला आणि माझ्या कॉम्प्युटरमधल्या निम्म्या फाइलींचा पत्ता बदलला. बोरगावात नागपूर-छिंदवाडा रस्त्यावर माझं दुकान आहे. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, लॅमिनेशन आणि लग्नसराईत फोटो-व्हिडिओ, असं सगळंच करतो. एका कामावर पोट भरेल एवढं मोठं गाव नाही. सौंसर आणि पांढुर्णा हे दोन्ही तालुके कित्येक पिढ्या छिंदवाडा जिल्ह्यात होते. २०२३ च्या ऑक्टोबरात त्यांचा मिळून नवा जिल्हा झाला. जिल्ह्याचं ठिकाण जवळ आलं की लांब गेलं, यावर चहाच्या टपरीवर वाद सुरू झाले. माझ्यापुढे वेगळंच लफडं होतं.

गिऱ्हाईक एकदा फॉर्म भरून गेलं की सहा महिन्यांनी पुन्हा येतं आणि म्हणतं, "दादा, मागच्या वेळी दिलेलं मूळ निवासी काढून द्या न." म्हणून मी प्रत्येक कागद नीट नाव देऊन ठेवतो. आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव, माणूस आणि शेवटी कागदाचं नाव. मध्ये अधोरेखा. छिंदवाडा_सौंसर_बोरगाव, असं सुरू होणाऱ्या फाइलींनी एक अख्खं फोल्डर भरलेलं होतं. हाताने एकेक नाव बदलायचं म्हटलं तर उन्हाळा गेला असता. पण मला लिनक्सच्या टर्मिनलमधली 'रिनेम' कमांड येत होती, आणि येत होती हेच नडलं. एक ओळ लिहिली: जिथे जिथे 'छिंदवाडा' दिसेल तिथे 'पांढुर्णा' कर. 'जिथे जिथे' सांगायला शेवटी एक 'जी' लागतो, तोही लावला. एंटर मारला. कर्सर खालच्या ओळीवर येऊन लुकलुकायला लागला. काम झालं की ही कमांड काही बोलत नाही.

पहिली गडबड दुसऱ्याच दिवशी दिसली. एका मुलाला त्याचं २०१९ चं प्रमाणपत्र हवं होतं. ते छिंदवाड्याहूनच मिळालेलं, त्यावरचा शिक्का छिंदवाड्याचा, आणि माझ्याकडे त्याच्या नावात जिल्हा पांढुर्णा. जो जिल्हा तेव्हा नव्हताच त्याच्या नावावर मी जुन्या कागदांची अख्खी थप्पी चढवून ठेवली होती. बरं, सगळीही नाही. काही फाइली तशाच छिंदवाड्यात राहिल्या होत्या. का, ते कळायला वेळ लागला. आमच्याकडे सरकारी काम हिंदीत आणि घरचं बोलणं मराठीत. त्यामुळे दुकानातला पोरगा कधी मराठी 'छिंदवाडा' लिही, कधी हिंदी 'छिंदवाड़ा', खाली नुक्ता देऊन. पुढची मेख अशी की नुक्त्याचा ड कॉम्प्युटर दोन तऱ्हांनी साठवू शकतो. एक, तयार जोडलेलं अक्षर म्हणून. दोन, साधा ड आणि त्याच्या मागोमाग वेगळा नुक्ता. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं. कमांडला मात्र ही तीन वेगळी गावं. मी तिला एकाच गावाचं नाव सांगितलं होतं.

हे निस्तरायला मी काय केलं? उलटी कमांड दिली. 'पांढुर्णा' दिसेल तिथे 'छिंदवाडा'. माणूस घाबरला की त्याला वाटतं, ज्या पावलांनी आलो त्याच पावलांनी मागे गेलो तर जिथून निघालो तिथे पोचू. पण माझ्या फोल्डरमध्ये पांढुर्णा तालुक्याची गिऱ्हाइकं होती, त्यांच्या फाइली छिंदवाडा_पांढुर्णा अशा सुरू होत. खास छिंदवाडा तालुक्यातलीही होती, कंपन्यांत कामाला येणारी. त्यांच्या फाइली छिंदवाडा_छिंदवाडा. पहिल्या कमांडने ही दोन्ही माणसं पांढुर्णा_पांढुर्णा झाली. उलट्या कमांडने दोन्ही छिंदवाडा_छिंदवाडा झाली. कोण कुठला, हे त्या नावात आता कुठेच उरलं नव्हतं. दोन बागांची संत्री एका ढिगात ओतल्यावर कोणतं फळ कोणाचं ते ढिगाला विचारून काय कळणार? एकेक फाइल उघडून आतला कागद वाचत बसलो. त्या कामात दिवाळी आली.

खरं म्हणजे मला हे आधीच कळायला हवं होतं, कारण याच जातीचा धडा मी पूर्वी घेतला होता आणि चांगला महाग घेतला होता.

सुरुवात विंडोजच्या काळ्या खिडकीपासून झाली. तिथे 'रेन' नावाची जुनी, डॉसच्या जमान्यातली कमांड आहे. ताऱ्याची खूण दिली की ती सगळ्या फाइलींना लागू होते. एका मुंजीच्या फोटोंची नावं आयएमजी, अधोरेखा आणि चार आकडे अशी होती. मला आयएमजीच्या जागी इंग्रजीत 'मुंजा' हवं होतं. इंग्रजीत ती पाच अक्षरं. मी समजलो, तारा म्हणजे 'बाकीचं जसंच्या तसं'. पण 'रेन' शब्द ओळखत नाही, जागा मोजते. नव्या नावातली पाच अक्षरं तिने जुन्या नावातल्या पहिल्या पाच जागांवर बसवली. आयएमजीची तीन, अधोरेखेची एक आणि पहिल्या आकड्याची एक. म्हणजे ०००१ मधला पहिला शून्य गेला आणि उरलं ००१. १००१ मधला एक गेला आणि तिथेही उरलं ००१. नशीब एवढंच की 'रेन' दुसऱ्या फाइलीवर चढत नाही. 'या नावाची फाइल आधीच आहे' अशा अर्थाची इंग्रजी तक्रार पडद्यावर ओळीमागून ओळ करत राहिली. मी तिच्यावर वैतागलो. मला तेव्हा वाटलं, कमांड भंगार आहे, अडून बसते. पुढे ज्या कमांडीशी गाठ पडली ती अडत नव्हती.

नागपूरला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या भाच्याने दुकानातल्या जुन्या मशीनवर लिनक्स टाकून दिलं. मशीन पुन्हा पळायला लागली, व्हायरसची कटकट संपली, आणि मला 'एमव्ही' सापडली. फाइल हलवायची असो की नाव बदलायचं असो, एमव्हीला दोन्ही एकच काम. त्या नावाची फाइल तिथे आधीच असेल तर? साधारणपणे एमव्ही विचारत नाही. जुनी जाते, नवी तिच्या जागी बसते. कचऱ्याच्या डब्यात, म्हणजे ट्रॅशमध्ये, काहीही पडत नाही. हे ऐकून भाच्याला मी म्हटलं होतं, असलं कोणी बनवतं काय? त्याने सांगितलं ते खरं होतं: हीच तिची ताकद आहे. एखादा प्रोग्राम तुमची फाइल सेव्ह करताना आधी बाजूला नवी प्रत पूर्ण लिहितो आणि मग तिला जुन्याचं नाव देतो. हा नावबदल एका फटक्यात होतो. मध्येच लाइट गेली तरी एकतर जुनी अख्खी सापडते नाहीतर नवी, अर्धवट काही सापडू नये असा त्यामागचा हिशोब. आमच्याकडे लाइट किती जाते ते पाहता हे मला लगेच पटलं. पटलं, पण लक्षात राहिलं नाही.

मग ते लग्न आलं. मांडव मोठा होता म्हणून मी सौंसरच्या एका मित्राला दुसरा कॅमेरा घेऊन बोलावलं. दोघांचे कॅमेरे एकाच कंपनीचे. डिजिटल कॅमेऱ्यांच्या फाइलनावांचा एक जुना ठरलेला नियम आहे: चार अक्षरं आणि चार आकडे, बस. आकडे ०००१ ते ९९९९, त्यानंतर पुन्हा ०००१. एका कंपनीचे कॅमेरे बहुधा तीच चार अक्षरं लावतात. म्हणजे दुनियाभरातल्या लाखो फोटोंची नावं तीच ती, आणि कोणाचं काही बिघडत नाही, जोपर्यंत ते एका फोल्डरमध्ये येत नाहीत.

मी ते एका फोल्डरमध्ये आणले. आधी माझ्या कार्डातले हलवले. मग मधे जेवून आलो आणि मित्राच्या कार्डातले हलवले. हा जेवणाचा तपशील उगाच नाही. दोन्ही फोल्डर एकाच ओळीत देऊन हलवले असते तर लिनक्सवरच्या एमव्हीने नकार दिला असता. आत्ताच याच कमांडीने ठेवलेल्या फाइलीवर दुसरी चढवायला ती तयार होत नाही. पण दोन वेगळ्या ओळी म्हणजे तिच्या लेखी दोन वेगळी कामं. पहिल्या ओळीचं तिला दुसरीत काही आठवत नाही. माझ्या कॅमेऱ्याचा आकडा मित्राच्या आकड्यांमधून जात होता. जिथे जिथे नंबर जुळला तिथे माझा फोटो गेला आणि त्याचा राहिला. आवाज नाही, सूचना नाही. फोल्डर उघडून पाहिलं तर फोटोच फोटो. मी निर्धास्त होऊन कार्ड फॉर्मॅट केलं आणि पुढच्या आठवड्यात एका साक्षगंधाला वापरलंही.

आल्बमची निवड करायला नवरीची आई दुकानात आली. पडद्यावर फोटो सरकवत सरकवत शेवटपर्यंत गेली, पुन्हा पहिल्यापासून आली आणि म्हणाली, "मामाचा एकबी फोटो नाई काय?" नवरीला मांडवात आणणारा मामा. तो मी काढला होता, समोरून, अगदी गुडघ्यावर बसून. स्टेजवर मित्र होता, मांडवाच्या तोंडाशी मी. मी म्हटलं, "दुसऱ्या पेनड्राइव्हमध्ये असतील, काकू." दुसरा पेनड्राइव्ह नव्हताच. फोटो हरवण्यापेक्षा हे वाक्य मला आजही जास्त टोचतं. नंतर ते फिरवून खरं काय ते सांगायला पुन्हा त्यांच्या घरी जावं लागलं, आणि तिथे चहासुद्धा मिळाला.

फोटो परत मिळवण्याचं काम भाच्याने 'फोटोरेक'वर केलं. क्रिस्तोफ ग्रेनिए नावाच्या माणसाने बनवलेला हा प्रोग्राम फुकट मिळतो आणि मोठ्या कामाचा आहे. फॉर्मॅट केलेल्या कार्डात तो फाइलींची यादी शोधत बसत नाही. यादी गेलेलीच असते. फोटोची सुरुवात कशी असते ते त्याला ठाऊक असतं, त्यावरून तो कच्च्या माहितीतून फोटो उपसून काढतो. साक्षगंधाच्या फोटोंनी जेवढी जागा खाल्ली होती तेवढं गेलं, बाकीचं आलं. मामा आले, एकाच फोटोत का होईना. पण जे आलं ते बिननावाचं. इंग्रजी एफ आणि पुढे लांबलचक आकडा, तोही कार्डावर तो फोटो कुठे पडला होता त्या जागेचा. नावं मोठ्या हौसेने बदलायला गेलो आणि शेवटी हातात नावं पुसलेले फोटो आले!

मग 'एक्झिफटूल'. फिल हार्वे यांचं हे अवजार. प्रत्येक फोटोच्या पोटात तो कधी काढला याची नोंद असते, ती वाचून हे अवजार त्या तारीख-वेळेचं नाव फोटोला देतं. इथेही दोनदा ठेच लागली. मित्राच्या कॅमेऱ्याचं घड्याळ मागे होतं, त्यामुळे क्रमाने लावल्यावर नवरीची पाठवणी आधी झाली आणि मंगलाष्टकं नंतर. शिवाय हार घालताना आम्ही दोघंही बटण दाबून धरतो, म्हणजे एका सेकंदात तीन-चार फोटो, आणि सेकंदापर्यंतच नाव दिलं तर पुन्हा चौघांचं एकच नाव. एक्झिफटूल मात्र शहाणं आहे. असलेल्या फाइलीवर ते चढत नाही, तसं स्पष्ट सांगतं, आणि नावामागे अनुक्रमांक जोडायची सोयही देतं. या वेळी तक्रारीच्या ओळी आल्या तेव्हा मी वैतागलो नाही. प्रत्येक ओळ वाचली.

या प्रकरणानंतर भाच्याने मला एमव्ही सोडून 'रिनेम' शिकवली. तिच्यातही गंमत आहे. 'रिनेम' नावाची दोन वेगळी अवजारं आहेत. एक पर्ल भाषेतलं, ती भाषा बनवणाऱ्या लॅरी वॉलच्याच एका जुन्या छोट्या प्रोग्रामपासून आलेलं. उबंटूसारख्या ठिकाणी 'रिनेम' म्हणजे हे. ते जबरदस्ती करायला सांगितल्याशिवाय दुसऱ्या फाइलीवर चढत नाही. दुसरं फेडोरासारख्या ठिकाणी मिळतं. त्याची लिहायची पद्धत निराळी, आणि ते आपणहून काही राखत नाही. वेगळं सांगितलं नाही तर खुशाल चढतं. भाच्याच्या लॅपटॉपवर फेडोरा, माझ्या मशीनवर उबंटू. त्याने फोनवर सांगितलेली ओळ माझ्याकडे चालेना आणि आम्ही दोघं कितीतरी वेळ एकमेकांना 'तू चुकीचं टाइप करतोयस' म्हणत राहिलो. फाइलींची नावं सांभाळणाऱ्या अवजारांनाच एक नाव असावं, याला काय म्हणायचं!

दोन्हीकडे 'डॅश एन' असा एक पर्याय आहे. तो लावला की कमांड काहीच बदलत नाही. काय बदललं असतं ते पाहायला पर्ल-रिनेममध्ये तर एवढी दोन अक्षरं पुरतात. जिल्हा बदलताना मी ती लावली नव्हती. लावली असती तर पांढुर्णा_पांढुर्णाची रांग समोर दिसली असती.

आता काकांचे कागद. काका म्हणजे सौंसरकडच्या एका गावचे संत्र्याचे बागायतदार. नात्याने कोणी नाहीत, पण आमच्याकडे त्या वयाच्या माणसाला दुसरं काही म्हणत नाहीत. त्यांच्या वडिलांनी कापसाच्या आणि संत्र्याच्या विक्रीच्या पावत्या, सारा भरल्याच्या पावत्या, नागपूरच्या व्यापाऱ्यांची पत्रं असं सगळं एका लाल फडक्यात बांधून ठेवलं होतं. काकांच्या मुलाला ते स्कॅन करून हवं होतं. मी प्रत्येक कागदाला त्यावरच्या तारखेचं नाव दिलं. दिवस, महिना, वर्ष. कुठे मधे आडवी रेघ, कुठे टिंब, जशी त्या दिवशी बोटं पडली तशी. शेवटी एकसारखं दिसावं म्हणून एक ओळ लिहिली: सगळ्या रेघा आणि टिंबं काढून टाक. रिनेमऐवजी जुन्या सवयीने एमव्हीच वापरली, एकेका फाइलीवर फिरवत.

ज्यांना आकड्यांची सवय आहे त्यांना कळलंच असेल. १-११-१९५६ मधल्या रेघा काढा. ११-१-१९५६ मधल्या काढा. दोन्हीचं १११११९५६ होतं. नाही, चुकलो, १११ आणि मग १९५६, म्हणजे १११-१९५६ सलग. बघा, नुसतं लिहितानाही गोंधळ होतो. पहिली नोव्हेंबर आणि अकरा जानेवारी, दोघांचं एक नाव झालं आणि एक कागद दुसऱ्यावर बसला. तसंच १-१२ आणि ११-२ चं.

जो गेला तो पहिल्या नोव्हेंबरचा होता. १ नोव्हेंबर १९५६ ही तारीख आमच्या भागात साधी नाही. तोवर नागपूर आमच्याच राज्याची राजधानी होती, आधी मध्य प्रांत-वऱ्हाडची आणि मग जुन्या मध्य प्रदेशची. त्या दिवशी राज्यांची पुनर्रचना अमलात आली. नागपूर आणि विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा नव्या मध्य प्रदेशात राहिला, राजधानी भोपाळ झाली. बाजार नागपूरचा, सोयरिक नागपूरची, भाषा मराठी, आणि कचेरी भोपाळची. काकांचे वडील नेमके त्या दिवशी आंबिया बहराची संत्री घेऊन नागपूरला गेले होते. जाताना राजधानीला गेले आणि येताना परराज्यातून आले, असं काका नेहमी सांगत. त्या विक्रीची पावती म्हणजे त्या गोष्टीचा पुरावा. अकरा जानेवारीची पावती कापसाची होती. ती व्यवस्थित राहिली.

कळलं ते फाइली मोजल्या म्हणून. कागदांचा आकडा मुलाने लिहून दिला होता, फाइली त्याहून कमी भरत होत्या. कागद परत करून झाले होते, म्हणून पुन्हा जावं लागलं. या वेळी 'दुसऱ्या पेनड्राइव्ह'सारखं काही बोलायचं नाही हे रस्त्यातच ठरवलं होतं.

काका ओट्यावर बसले होते. "काहून रे, पैसे कमी पडले काय?"

मी काय झालं ते सांगितलं. रेघा, टिंबं, एक नाव, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजे तू तारीख पुसून टाकली."

"तारीख नाही काका, फक्त मधल्या रेघा."

"रेघा पुसल्या तं तारीख कुठं राह्यली?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तारीख लिहायचीच होती तर वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, आणि एकाकी आकड्याआधी शून्य, अशी लिहायला हवी होती: १९५६, ११, ०१. तशी लिहिली की रेघ असो-नसो, दोन दिवस एकमेकांत मिसळत नाहीत, आणि फोल्डरमध्ये कागद आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. नाहीतर एकच्या मागोमाग दहा येतो आणि दोन कुठेतरी खाली पडतो. हे मला तेव्हा माहीत नव्हतं असं नाही. फॉर्मवर आपण दिवस आधी लिहितो, हाताला तेच वळण.

मुलाचं म्हणणं वेगळं होतं. त्याला नावातच सगळं हवं होतं: कोणी, कोणाला, किती गाड्या, काय भाव, कोणत्या अडतीत. तसं त्याने काही फाइलींना विंडोजवर स्वतः करूनही दाखवलं. त्या माझ्या मशीनवर उतरेनात, 'नाव फार लांब आहे' असं उत्तर येई. लिनक्समध्ये फाइलीच्या नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो. देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन लागतात, आणि काना, मात्रा, अनुस्वार, पाय मोडायची खूण हे सगळं वेगळं मोजलं जातं. 'बोरगाव' चार अक्षरांचं दिसतं, पण त्यात सहा खुणा, म्हणजे अठरा बाइट. 'पांढुर्णा' तर सत्तावीस. एकूण पंच्याऐंशी खुणांत काय बसेल ते बसवायचं. विंडोज बाइट मोजत नाही, वेगळ्या मापाने मोजतं, म्हणून त्याच्याकडे चाललं. अडतीचं नाव गाळायला तो तयार नव्हता. शेवटी ती माहिती एक्सेलच्या तक्त्यात गेली आणि फाइलीला छोटं नाव राहिलं. आता कोणतंही सामूहिक नामकरण करताना मी जुनं नाव आणि नवं नाव शेजारी शेजारी अशा तक्त्यात आधी काढतो, नव्या नावांचा रकाना क्रमाने लावून एक नाव दोनदा आलं का ते पाहतो, आणि तो तक्ता मूळ फाइलींच्या प्रतीसोबत ठेवतो. उलट जायचं झालं तर रस्ता त्या तक्त्यात असतो, उलट्या कमांडीत नसतो.

काकांनी पावती काढायला फडकं सोडलं. कागद माझ्या हातात देण्याआधी उलटा केला आणि मागच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे जांभळ्या पेन्सिलीने बारीक आकडा होता. "बुवानं प्रत्येक कागदाच्या मागं नंबर टाकेल हाय. तू मागचं पाह्यलंच नाई काय?"

नव्हतं पाहिलं. मी सगळे कागद फक्त पुढून स्कॅन केले होते. सत्तर वर्षांपूर्वी काकांच्या वडिलांनी प्रत्येक कागदाला स्वतःचा नंबर देऊन ठेवला होता आणि मी तारखांशी खेळत बसलो होतो. अख्खं फडकं पुन्हा दुकानात आणलं, सगळ्या मागच्या बाजू स्कॅन केल्या, तक्ता केला, नंबर चार आकडी केला, नव्या नावांचा रकाना क्रमाने लावला. आणि त्यात ००४२ दोनदा आला. ००४३ दोनदा. तिथून पुढे कितीतरी.

फोन केला तेव्हा काका हसले. साठ सालाच्या आसपास भावाभावांत वाटण्या झाल्या, तेव्हा धाकट्याच्या हिश्शाच्या कागदांना वडिलांनीच वेगळे नंबर टाकले, आणि ते बेचाळीसपासून का सुरू केले ते त्यांनाच ठाऊक. पुढे धाकटा नागपूरला गेला आणि त्याचेही कागद याच फडक्यात आले. मी म्हटलं, मग एकाला '४२-थोरला' आणि दुसऱ्याला '४२-धाकटा' असं देऊ का?

"धाकट्याच्याले धाकटा लिव्ह," काका म्हणाले, "पण मायाले थोरला नोको लिहू. त्याले वाईट वाटते. मायाले नुसतं बेचाळीस राहू दे."